जुबारामामांचं हळू बोलणारं मशीन

जुबारामामा गेले त्याला परवा चाळीस दिवस झाले. माणसं येऊन गेली, चहाची मोठी पातेली घासून झाली, शेजारून आणलेली बाजली ज्याची त्याला पोचली. येणारा प्रत्येक जण मामांचं एकच सांगत होता, दातात काडी धरून सोनं शोधायचा ना तो! सांगताना हसत होता आणि मग डोळे पुसत होता. पण पहिल्यापासून कुणीच सांगत नाही. ज्याला जेवढं माहीत तेवढं सांगतो आणि बाकीचं पदरचं घालतो. तर ते असं झालं.

जुबारामामा मुळात पंपाचे मिस्त्री. वाळवंटातल्या अबू हमद गावाच्या खाली नदीत आमचं बेट आहे, तिथं खजुरांना पाणी चढवायची डिझेलची इंजिनं होती, ती सगळी मामांच्या हातातली. मामांचे कान लहानपणीच गेलेले. दोन्ही कान फुटले होते, उन्हाळाभर वाहत होते, त्यात तिळाचं तेल घालून घालून घरच्यांनी होतं तेही घालवलं. अगदीच बहिरे नव्हते. मोठ्यानं बोललं की कळायचं, समोर तोंड असलं की ओठ बघून कळायचं. पंपाच्या खोलीत तर सगळेच ओरडून बोलतात, तिथं कुणाच्या लक्षात येणार? बाहेर कुणी मागून हाक मारली आणि मामांनी वळून बघितलं नाही तर लोक म्हणायचे, मिस्त्री फार मिजासखोर झालाय. मामांना ते बरंच वाटायचं. मिजासखोर म्हणा, पण बहिरा म्हणू नका.

आणि इंजिनाचं दुखणं मामांइतकं कुणाला कळायचं नाही. एक हातभर लांब स्क्रूड्रायव्हर होता. त्याचं टोक इंजिनावर टेकवायचे, लाकडी मूठ दातात धरायचे आणि डोळे मिटून उभे राहायचे. लोक धोतराचा सोगा धरल्यासारखे जल्लाबियाची, म्हणजे आमच्या लांब झग्याची, टोकं धरून गप्प उभे. मग मामा मूठ काढून सांगायचे, तिसरं बेअरिंग गेलंय. उघडून बघावं तर तिसरंच.

मग बेटावर वीज आली. विजेचे पंप बसले, ते बटण दाबलं की चालतात, त्यांना मिस्त्री लागत नाही. मामा खजुराखाली बसून राहायला लागले. त्याच वर्षांत वाळवंटात सोनं लागतंय म्हणून सगळा मुलूख उठला होता, पश्चिमेकडून, दक्षिणेकडून, कुठून कुठून माणसं गाड्या भरून यायची. मामा पण निघाले.

जमिनीतला धातू शोधायचं पहिलं मशीन घेतलं ते पिवळं. आखाती देशातून परत आलेल्या एकानं आणलं होतं, समुद्रावर सुट्टीला आलेली माणसं वाळूत पडलेली चिल्लर शोधतात त्यासाठीचं. खेळण्यातलंच म्हणा. वर एक काटा, खाली बशीएवढी ताटली. पण ओरडायचं काय! खिळा आला की किंचाळ, सार्डिनचा डबा आला की किंचाळ, लोखंड असलेला काळा दगड आला तरी किंचाळ. मामांना ते फार आवडलं, कारण त्याचा आवाज त्यांना ऐकू यायचा.

तंबलकाकांनी त्या मशीनला पहिल्याच दिवशी नाव ठेवलं. तंबलकाका म्हणजे आमच्या शेजारच्या गल्लीतले, त्यांच्या जिभेला सगळं बेट घाबरतं. ते कुठलीही गोष्ट बघितली की ती कशासारखी दिसते ते बोलतात, आणि ते बोललं की त्या गोष्टीला काहीतरी होतं असं लोक मानतात. एकदा इद्रीसची भिंत बघून म्हणाले, ही तर नमाजाला वाकल्यासारखी दिसतेय. आठवड्यात भिंत कपाळ टेकून सजद्याला गेली. तेव्हापासून काका गल्लीत आले की बायका तान्ह्या लेकरांवर पदर टाकतात, दुधाची भांडी झाकतात. स्वतःचा नातूसुद्धा सुनेनं त्यांना चाळीस दिवस दाखवला नव्हता.

तर पिवळं मशीन बघून काका म्हणाले, "जुबारा, ही कोंबडी आहे रे. अंडं घालायच्या आधीच गाव गोळा करते."

आणि तसंच झालं. दोन हिवाळे मामा त्या कोंबडीला घेऊन वाळवंटात फिरले. डबा भरून खिळे आणले, बाटल्यांची बुचं आणली, जुन्या लढाईतली काडतुसं आणली, उंटाच्या खोगिराची एक कडी आणली. सोनं म्हणाल तर मेथीच्या दाण्यासारखे पाच दाणे. अवदल्ला म्हणून मामांचा आत्तेभाऊ, तो बरोबर असायचा खणायला. तो म्हणायचा, "मिस्त्री, आपण वाळवंट झाडायला आलोय का? झाडू तरी सरकारकडून मागून घेऊ."

हसायचे सगळे, मामा पण हसायचे. पण एक गोष्ट त्यांना लागली. एके दिवशी सकाळी मामा एका ओढ्याच्या पात्रातून पिवळं मशीन फिरवत गेले, मागे साखळी ओढत, म्हणजे वाळूत रेघ राहते आणि कुठून गेलो ते कळतं. काही मिळालं नाही. दुपारी दुसरी टोळी आली, मोठं मशीन घेऊन. ती माणसं मामांच्याच रेघेवरून गेली. आणि मामांच्याच रेघेवर गुडघाभर खणून त्यांनी अंगठ्याएवढं सोनं काढलं. मामांच्या पावलाचा ठसा खड्ड्याच्या काठावर तसाच होता.

त्या दिवसापासून मामांच्या डोक्यात मोठं मशीन बसलं.

घरी आले. सित्तनामामी गुरासा, आमची जाड भाकरी, भाजत होत्या. मामी मामांच्या आत्याची मुलगी, लहानपणापासून एकाच अंगणात वाढलेली, त्यामुळे त्यांच्यात अहो-जाहो नव्हतं.

"काय झालं तोंडाला?" मामींनी मोठ्यानं विचारलं. मामांशी त्या नेहमी मोठ्यानंच बोलायच्या, तीस वर्षं बोलून त्यांचा आवाजच तसा झाला होता.

"काही नाही."

"मामाच्या पोरा, काही नाही असं तू म्हणतोस तेव्हा घरातली एक तरी वस्तू मोडलेली असते. काय मोडलं?"

मामांनी सगळं सांगितलं. पायाचा ठसा पण सांगितला. मामी ऐकून घेत होत्या, तव्यावरचा गुरासा करपला तरी उलटला नाही. मग हात पुसून आत गेल्या आणि लग्नातल्या चार बांगड्या रुमालात बांधून घेऊन आल्या.

"ह्या कशाला?" मामा म्हणाले.

"विहिरीत टाकायला! कशाला म्हणजे? विक आणि ते मशीन आण. तू खजुराखाली बसून माझ्याकडे बघत असतोस दिवसभर, मला लाज वाटते भाकरी करायला."

मामांनी रुमाल धरला पण उघडला नाही. म्हणाले, "सित्तना, खजूर उतरायच्या आत तुझ्या हातात बांगड्या घालीन. नाही घातल्या तर वाळवंटाचं नाव काढणार नाही."

"खजूर उतरायच्या आत," मामी म्हणाल्या. "लक्षात ठेव हं, मी बाई आहे, मी विसरत नसते."

अल-उबेदियाच्या बाजारात मशीनवाल्यांची रांगच आहे. त्यातल्या एकानं मामांना मोठं मशीन दाखवलं. परातीएवढी काळी ताटली, खांद्यावरून पट्टे, पाठीवर बॅटरी, कानाला लावायचे दोन कप. जपून ठेवलेला सोन्याचा कण त्यानं मातीत पुरला आणि ताटली फिरवली.

"हे ओरडत नाही, हाजी," दुकानदार म्हणाला. "हे एकसारखं गुणगुणतं. खोल सोनं असलं की ती गुणगुण जराशी वाकते. बास, तेवढंच. मग परत सरळ. मशीन काही सांगत नसतं, आपण ऐकायचं असतं. तुमचे कान कसे आहेत?"

मामांनी कान लावून बघितलं. आत कुठंतरी लांबवर माशी असावी तसं काहीतरी होतं, किंवा नसेलही. त्यांनी दुकानदाराच्या तोंडाकडे बघितलं. तो भुवया उंचावून बघत होता, म्हणजे आत्ता गुणगुण वाकली असणार.

"वाकली," मामा म्हणाले. "कान कोल्ह्याचे आहेत माझे."

ही एवढी एकच लबाडी मामांनी आयुष्यात केली, आणि ती पण स्वतःशीच.

घरी आणलं तेव्हा मामींनी मशीन चादरीत गुंडाळून ठेवलं होतं, तंबलकाकांनी बघू नये म्हणून. पण बेटावर कसलं लपतंय! मामा अंगणात पट्टे लावून बघत होते, वाकून, कानाला कप, पुढे ताटली हळूहळू फिरतेय, आणि भिंतीवरून काकांचं डोकं आलं. मामी धावत आल्या, "काका, तोंड मिटा! अल्लाची शपथ आहे तुम्हाला, तोंड मिटा!"

काकांनी तोंड मिटलं. खरंच मिटलं, दोन्ही हातांनी दाबून धरलं. पण त्यांना राहवेना. शिंक दाबावी तसं त्यांचं तोंड लाल झालं आणि मग फुटलंच.

"अगं, ही तर नवी नवरी आलीय सासरी! कुजबुज करते, पण कुणाला काही देत नाही!"

मामींनी चूल फुंकायची नळीच फेकून मारली. शेजारणींनी कानावर हात ठेवले, मोठ्यानं देवाचं नाव घेतलं. अवदल्ला तिथंच मटकन बसला. म्हणाला, "संपलं. मिस्त्री, मशीन परत करून ये."

मामांनी ऐकलं नाही. थंडी पडली तशी ते आणि अवदल्ला निघाले, चार तास मागून उघड्या गाडीतून, पाण्याची पिंपं, कांदे, खजूर, चहा. पहिल्या दिवशी तर मजाच झाली. मामांनी ताटली जमिनीवर वर-खाली केली, दर थोड्या वेळानं तसं करून मशीनला जमिनीची ओळख द्यावी लागते, आणि अवदल्लाला म्हणाले, ह्याला काहीतरी होतंय, सारखं ओरडतंय नुसतं. अवदल्लानं बघितलं, दंडाला सुरी तशीच बांधलेली. आमच्याकडे पुरुषाच्या दंडाला सुरी असतेच, काढायची कुणाला आठवण? मशीन बिचारं मामांच्याच दंडातलं लोखंड शोधत होतं. तळावरची माणसं दोन दिवस म्हणत होती, जुबाराला सोनं लागलं, काखेत.

सुरी काढली. पण सोनं काही लागेना.

एक महिना गेला. दुसरा गेला. मामा सकाळी निघायचे, साखळीची रेघ ओढत अगदी हळू चालायचे, ताटली जमिनीला घासेल इतकी खाली. बघणाऱ्याला वाटावं, काय कसलेला माणूस आहे! पण कानात ती लांबची माशी, कधी असायची, कधी नसायची. वाकली की नाही ते कळायचं नाही. संशय आला की खणायला लावायचे, अवदल्ला खणायचा, खाली काही नाही. मग मामा भीतीनं खणायला सांगेनातच. अवदल्ला म्हणाला, "कानाचे कप काढ, मोठ्यानं लाव, मी पण ऐकतो."

"आणि आजूबाजूच्या टोळ्यांनी पण ऐकायचं?" मामा म्हणाले. "आपल्याला लागलं की उद्या इथं पन्नास माणसं."

ते खरंच होतं, वाळवंटात कुणीच मोठ्यानं लावत नाही. म्हणून अवदल्लाला शंका आली नाही. त्याला पक्कं ठाऊक होतं दोष कुणाचा. तंबलकाकांचा. तळावर, बेटावर, सगळ्यांना ठाऊक होतं. नवी नवरी म्हणाला ना तो? झालं मग! आणि मामा? तंबलचं नाव निघालं की मान हलवायचे. रात्री झोपताना मनाला लागायचं त्यांच्या, म्हातारा फुकट शिव्या खातोय. पण काका शिव्या खातायत तोवर मामांचे कान झाकलेले होते.

दर पंधरा दिवसांनी पाण्याच्या टँकरबरोबर मामी खजूर आणि वाळवलेली भेंडी पाठवायच्या. तिसऱ्या महिन्यात भेंडीबरोबर निरोप आला, झाडांना कळे धरलेत. बाकी काही नाही. मामांनी ती भेंडी खाल्ली नाही त्या दिवशी.

इकडे मामींचा धीर सुटला. उठल्या आणि तडक तंबलकाकांच्या दारात.

"काका, बाहेर या!"

"आलो असतो," आतून आवाज आला, "पण बाहेर आलो की लोक भांडी झाकतात."

"झाकायला माझ्याकडे काही उरलं नाही. हे बघा हात!" मामींनी दोन्ही मोकळे हात पुढे केले. "तुमच्या जिभेनं बांधलंय, तुमच्याच जिभेनं सोडा. उद्या टँकर जातोय. त्यात बसायचं, तिथं जायचं, आणि त्या मशीनला काहीतरी चांगलं म्हणून यायचं."

काका दारात आले. मामी सांगतात, तेव्हा ते पहिल्यांदा म्हातारे दिसले. म्हणाले, "सित्तना, मी मुद्दाम बोलत नाही गं. डोळ्याला जे दिसतं ते तोंडातून येतं. इद्रीसची भिंत वाकलेलीच होती, म्हणून मी वाकलेली म्हणालो. पडणारच होती ती. पण हे कुणाला सांगू? माझी सूनसुद्धा ऐकत नाही."

"ते मला नका सांगू. टँकरमध्ये चढा."

चढले. सत्तर वर्षांचा माणूस, पाण्याच्या टाकीवर बसून, डोक्याला फेटा गच्च आवळून वाळवंटात आला. तळावर उतरले तशी माणसं आपापली मशीनं घोंगडीखाली लपवायला लागली. एक जण तर मशीनवर चक्क झोपला.

"झोप, झोप," काका त्याला म्हणाले. "अंडी उबवतोयस तर हलू नकोस." तो उठून पळाला.

मामा दूर पात्रात होते. काका चालत गेले, अवदल्ला मागून शिव्या देत. मामांनी बघितलं, पण थांबले नाहीत.

"जुबारा, मला बायकोनं तुझ्या पाठवलंय. नवरीचं बोलणं मागे घ्यायला."

"घ्या मग," मामा म्हणाले, ताटली फिरवत.

"अशी कशी घेऊ? तिचं काही चांगलं ऐकल्याशिवाय चांगलं कसं बोलणार? मी खोटं बोलत नसतो. दे इकडे, मला ऐकू दे ती काय कुजबुजते."

आणि मामा नको नको म्हणेपर्यंत काकांनी त्यांच्या कानावरचे कप काढून स्वतःला लावले. वायर तेवढीच, म्हणून दोघं एकमेकांना खेटून. "चल, फिरव," काका म्हणाले. मामा फिरवत चालले, आणि काका त्यांच्या बाजूला तिरके तिरके, लंगड्या बकरीसारखे. अवदल्ला एवढा चिडला होता तरी त्याला हसू आवरेना.

दहा पावलं गेली. काका थांबले, वायर ताणली गेली.

"थांब. मागे घे. तिथंच. परत फिरव." मामांनी फिरवली. "वाकली की! उमम्म्, मग उँम्म्, मग परत उमम्म्. परत फिरव. बघ, परत वाकली!" काकांनी मान वर करून मामांकडे बघितलं. "तू आत्ता मघाशी हे कप लावून इथूनच गेलास. साखळीची रेघ आहे इथं. तुला ऐकू नाही आलं?"

मामांनी खांद्यावरचा पट्टा ओढून सारखा केला.

"जुबारा," काका म्हणाले, आणि या वेळी आवाज अगदी खाली आणून म्हणाले, ओठ न हलवता, दुसरीकडे तोंड करून, "तुझी बायको पळून गेली."

मामांनी वळूनही बघितलं नाही. त्यांना कळलंच नव्हतं. अवदल्लाच्या हातातली कुदळ तशीच राहिली.

काकांनी कप काढले. वाळूत बसले. मामा पण बसले, पट्टे न सोडताच, आणि मग सगळं बोलले. दुकानातलं बोलले, कोल्ह्याचे कान बोलले. म्हणाले, "दोन महिने तुम्हाला लोक शिव्या घालत होते, मी ऐकत होतो. म्हणजे ऐकत नव्हतो, पण बघत होतो. माफ करा काका."

तंबलकाकांनी काय करावं? हसायला लागले. हसता हसता डोळ्यातून पाणी. म्हणाले, "म्हणजे माझी जीभ नव्हे! अवदल्ला, साक्षी आहेस तू! माझी जीभ नव्हती, याचे कान होते! बेटावर जाऊन एकेका घरात सांगायचं तू. माझ्या सुनेला पहिलं."

"सांगतो," अवदल्ला म्हणाला. "पण आता खणू का आधी?"

"नको," मामा म्हणाले. "थांब. मला ऐकायचंय."

त्यांना पंपाची खोली आठवली होती. उठले, गाडीतला हातभर लांब स्क्रूड्रायव्हर घेऊन आले, जुन्या सवयीनं तो कायम बरोबर असायचाच. कप गळ्यात अडकवला, टोक कपात टेकवलं, मूठ दातात धरली. आणि वाकून ताटली उचलली मात्र, मशीन असं केकाटलं की तळावरून माणसं उभी राहून बघायला लागली. हातभर लोखंड घेऊन सोनं शोधायला निघालेले मामा दचकून दोन पावलं मागे गेले. पण तोंडावर हसू, कारण ते केकाटणं त्यांना ऐकू आलं होतं, डोक्याच्या आतून, हाडातून, स्वच्छ.

"लोखंड नको," तंबलकाका म्हणाले, आणि स्वतःच्या तोंडातलं दातवण काढून पुढे केलं. अराकच्या झुडपाचं, बोटभर जाड, एका टोकाला चघळून कुंचा झालेलं.

"तुमचं उष्टं?" मामा म्हणाले.

"मग काय, सोन्याचं देऊ?"

मामांनी कुंचा तोडून टाकला, पुसलं, एक टोक दातात धरलं आणि दुसरं गळ्यातल्या कपावर दाबलं. डोळे मिटले. पंपाच्या खोलीत उभे राहायचे तसे उभे राहिले. ताटली फिरवली. आणि गुणगुण आली. माशी नव्हे, लांबची नव्हे, दुरून नदीवर इंजिन चालू असावं तशी भरीव, सलग. ताटली त्या जागेवर आली आणि ती वाकली. मामांनी डोळे उघडले. परत फिरवली, परत वाकली. पाच वेळा, सहा वेळा, उगाचच.

"लोक कानानं ऐकतात आणि दातानं खातात," तंबलकाका म्हणाले. "हा दातानं ऐकतोय. आता ह्याला जेवायला कुठून घालायचं रे अवदल्ला?"

या वेळी कुणीही देवाचं नाव घेऊन कानावर हात ठेवला नाही. अवदल्लानं खणलं. मांडीएवढं खोल गेल्यावर माती लाल झाली, आणि त्या मातीत खजुराच्या बीएवढं सोनं होतं, अगदी तशीच मधे चीर असलेलं.

मग मामांनी दाती धरलेली काडी सोडलीच नाही. आपल्याच जुन्या रेघांवरून परत फिरले, दोन महिन्यांत जिथून जिथून बहिरे गेले होते तिथून तिथून. फार मोठं घबाड नाही लागलं. पण लागत राहिलं, थोडं थोडं, बोरीच्या बीएवढं, हरभऱ्याएवढं. तळावरचे लोक सुरुवातीला हसायचे, नंतर दोघंतिघं जण काडी दातात धरून बघायला लागले. त्यांना काही फरक पडेना, त्यांचे कान धडके होते. मामांना त्याची फार मजा वाटायची.

खजूर पिवळे पडले होते, उतरायला अजून वीसेक दिवस, तेव्हा मामा बेटावर आले. मामींच्या जुन्या बांगड्या तर केव्हाच आटवल्या गेल्या होत्या, म्हणून सोनाराकडून नव्या करून आणल्या. चार होतील असं वाटलं होतं, तीन झाल्या. ते खजुराच्या बीएवढं मोडायला मन झालं नाही म्हणून तीन. मामा अंगणात आले ते चोरासारखे.

"तीनच झाल्या," ते म्हणाले.

मामींनी हातात घातल्या, हात हलवून बघितला. म्हणाल्या, "तीनच बऱ्या. तीन वाजतात. चार झाल्या की एकमेकींना दाटून गप्प होतात."

"वाजतात?" मामा म्हणाले.

तीस वर्षं मामींच्या हातात बांगड्या होत्या, त्या वाजतात हे मामांना माहीत नव्हतं. म्हणजे माहीत असणार, पण कधी ऐकलं नव्हतं. त्यांनी खिशातून काडी काढली, एक टोक दातात धरलं आणि दुसरं मामींच्या बांगडीवर टेकवलं. मामी लाजून म्हणाल्या, अरे काय करतोस, शेजारी बघतायत. पण हात हलवला.

मामा कितीतरी वेळ तसेच वाकून उभे होते. मग काडी मामींच्या हनुवटीवर टेकवली आणि म्हणाले, "आता बोल. हळू बोल."

"काय बोलू?"

"सित्तना," मामा म्हणाले, "तुझा आवाज बारीक आहे गं! मी इतकी वर्षं समजत होतो तू भांडखोर आहेस."

"भांडखोर आहेच मी," मामी हळूच म्हणाल्या.

पिवळी कोंबडी तंबलकाकांना दिली. कुणाचा कानातला डूल वाळूत पडला, कुणाची किल्ली हरवली, कुदळीची पाचर निसटली की काकांना बोलावणं जायचं. काका ती कोंबडी खांद्यावर टाकून घराघरात जायचे, बायका दार उघडायच्या, चहा द्यायच्या, लेकरं उघड्या तोंडानं त्यांच्या मागे मागे फिरायची. मागच्या वर्षी काका गेले तेव्हा ती त्यांच्या बाजल्याखालीच होती.

मामा त्यानंतर सहा हिवाळे वाळवंटात गेले. मग गुडघे दुखायला लागले तसे मोठं मशीन अवदल्लाला देऊन टाकलं. पण काडी राहिली. संध्याकाळी नदीकडे तोंड करून दोघं बसायची. काडीचं एक टोक मामांच्या दातात, दुसरं मामींच्या हनुवटीला, आणि मामी दिवसभरात कोण काय बोललं ते सांगायच्या, अगदी हळू आवाजात. शेवटच्या दिवसांत मामांना काडी दातात धरवेना, तेव्हा मामी ती त्यांच्या कपाळावर टेकवून बोलायच्या. काय बोलायच्या ते विचारलं कुणी तर सांगत नाहीत.

आता मामींनी सुतक म्हणून हात मोकळे ठेवलेत. बांगड्या आणि ते खजुराच्या बीएवढं सोनं रुमालात बांधून उशाशी आहे. काडी त्यांनी कफनात घालू दिली नाही. मौलवी म्हणाले, चालेल की, लाकूडच आहे. मामी म्हणाल्या, नको, तिकडे त्याला कान दिले असतील आता. ही मला लागेल. मग ती पदराला पुसली आणि कमरेला खोचली.